रिपोर्टमध्ये सूज, हाताला दगड : मूत्राशयाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण साठीच्या उंबरठ्यावरच्या एक बाई. ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि काही तपशील बदलले आहेत. तंबाखू नाही, रंगाच्या किंवा रबराच्या कारखान्यातली नोकरी नाही, घरात कुणाला मूत्राशयाचा कर्करोग झालेला नाही. हिशेबाचं काम केलेलं असल्यामुळे सगळं नोंदवून ठेवायची सवय. लघवीला किती वेळा जावं लागलं, कोणती गोळी कधी सुरू केली, कोणता रिपोर्ट काय आला, हे सगळं एका वहीत. पहिल्या भेटीत ती वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी ती चाळली, पण वाचली नाही.

तक्रार साधी होती. तासातासाला लघवी, शेवटी जळजळ, ओटीपोटात कायमचा जडपणा. लघवीतून रक्त गेलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे येण्याआधी चार महिन्यांत प्रतिजैविकांचे चार कोर्स झाले होते. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

बायकांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. लघवीची जळजळ म्हटलं की संसर्ग, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि गोळ्या लिहायला दोन मिनिटं लागतात. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांमध्ये बायकांच्या तीन-चार पट आढळतो, पण बायकांमध्ये तो अनेकदा उशिरा, पुढच्या टप्प्यात सापडतो. त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

अडचण कुठे होती

वही पुढे नीट वाचली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. चार वेळा लघवीचं कल्चर केलं होतं, त्यात जंतू एकदाच वाढले होते. आणि लघवीत लाल पेशी चारही वेळा होत्या. म्हणजे संसर्गाचा पुरावा चारातून एकदा, सूक्ष्म रक्तस्रावाचा चारातून चार वेळा. उपचार मात्र चारही वेळा संसर्गाचेच.

सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड दिसली होती आणि खाली शेरा होता, 'सिस्टायटिसची शक्यता', म्हणजे मूत्राशयाला सूज. लघवीच्या सायटॉलॉजीत कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. त्या रिपोर्टवर मी नको तितका विसावलो. लघवीत ज्या पेशी गळून पडतात त्याच सायटॉलॉजीत दिसतात. आजार अस्तराच्या खाली दडलेला असेल तर लघवी स्वच्छ येऊ शकते.

पहिली दुर्बीण तपासणी

भूल देऊन सिस्टोस्कोपी केली. आत कोबीच्या फुलासारखी गाठ नव्हती, झालर नव्हती, काहीच नव्हतं. उजव्या बाजूचं आणि तळाचं अस्तर लालसर, सुजलेलं, आणि मूत्राशय नेहमीपेक्षा कमी ताणलं जात होतं. भूल असतानाच एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटं योनिमार्गात ठेवून मूत्राशय चाचपलं. भिंत लाकडासारखी लागली. शस्त्रक्रियेच्या टिपणात मी तसं लिहिलंसुद्धा : 'भिंत कडक'. मग चिमट्याने लालसर भागाचे दोन छोटे तुकडे काढले आणि तपासणीला पाठवले.

बायॉप्सीसोबतच्या फॉर्मवर मी काय लिहिलं? 'लघवीची जुनी तक्रार, सिस्टायटिस?' कडक भिंतीचा उल्लेख नाही. पॅथॉलॉजिस्टच्या हातात दोन मिलिमीटरचे दोन तुकडे आणि माझा हा अर्धवट प्रश्न. उत्तर प्रश्नाला साजेसं आलं : 'जुनाट सूज, प्लाझ्मा पेशी (सुजेत जमणाऱ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, कर्करोग नाही, नमुन्यात स्नायूचा थर नाही.'

शेवटचे शब्द महत्त्वाचे होते. कर्करोग नाही, हे फक्त त्या दोन तुकड्यांबद्दलचं विधान होतं आणि त्या तुकड्यांत स्नायू नव्हता. मी मात्र ते अख्ख्या मूत्राशयाला लावलं. जुनाट सुजेवरची औषधं सुरू केली आणि सहा आठवड्यांनी बोलावलं.

या प्रकरणातला पहिला निर्णय हा, आणि तो चुकला. पाच महिन्यांची तक्रार, कमी झालेली क्षमता आणि हाताला लागलेली कडक भिंत या तिन्हींशी 'साधी सूज' जुळत नव्हती. न जुळणारा रिपोर्ट आला की नमुना पुन्हा घ्यायचा, हे शिकाऊ डॉक्टरांना मी स्वतः सांगत आलो आहे.

दुसरी बायॉप्सी आणि चुकीची दिशा

सहा आठवडे पुरे व्हायच्या आतच त्या आल्या, उजव्या कुशीत दुखतं म्हणून. मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून १.८. उजवं मूत्रपिंड फुगलेलं, मूत्रवाहिनी खालच्या टोकाशी दाबली गेलेली. आता शंकेला जागा उरली नव्हती. या वेळी रेझेक्टोस्कोपने, म्हणजे कापणाऱ्या दुर्बिणीने, खोलवर, स्नायूसकट तुकडे काढले आणि फॉर्मवर सगळं लिहिलं.

दोन दिवसांनी पॅथॉलॉजिस्टबाईंचा फोन आला. "स्नायूत पेशींचे थरच्या थर आहेत, पण एकही पेशी दुसरीला धरून नाही. केंद्रक एका बाजूला सरकलेलं. दिसायला हुबेहूब प्लाझ्मा पेशी. सीडी१३८ जोरात पॉझिटिव्ह आहे."

सीडी१३८ हा प्लाझ्मा पेशींचा ओळखचिन्हक. साहजिकच पहिला विचार मायलोमा किंवा प्लाझ्मासायटोमाचा, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्याच कर्करोगांचा, आला. रक्तविकारतज्ज्ञांना बोलावलं, सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेनच्या तपासण्या पाठवल्या. त्या नॉर्मल आल्या. यात आठवडा गेला, पण तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. मायलोमा असता तर उपचार पूर्ण वेगळे असते.

सीडी१३८ चा सापळा असा की तो फक्त प्लाझ्मा पेशींवर नसतो. आच्छादक ऊतींवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या कर्करोगांवरही तो सापडतो. तो एकटाच वाचला तर दिशा चुकते. म्हणून आयएचसीचा (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासणीचा) पुढचा संच लावला : आच्छादक पेशींचं चिन्ह सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह, सीके७ पॉझिटिव्ह, गाटा३ पॉझिटिव्ह. कप्पा, लॅम्डा आणि मम१ ही प्लाझ्मा पेशींकडे बोट दाखवणारी चिन्हं निगेटिव्ह. ई-कॅडहेरिन पेशींच्या कडेवरून गायब. या पेशी रक्ताच्या नव्हत्याच. प्लाझ्मा पेशींचं सोंग घेतलेला तो कर्करोग होता.

याला प्लाझ्मासायटॉइड यूरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात : मूत्राशयाच्या अस्तरातून (यूरोथेलियम) निघालेला, प्लाझ्मा पेशींसारखा दिसणारा कर्करोग. मूत्राशयाच्या दर १०० कर्करोगांत साधारण एक ते तीन या प्रकारचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या वर्गीकरणात त्याला वेगळा प्रकार म्हणून स्थान मिळालं. २०१६ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मधल्या एका अभ्यासात, तपासलेल्या या प्रकारच्या ८४ टक्के गाठींमध्ये सीडीएच१ हे जनुक निकामी करणारे बदल सापडले. ई-कॅडहेरिन बनतं ते याच जनुकावरून. ई-कॅडहेरिनचं काम शेजारच्या पेशीचा हात धरून ठेवणं. तो हात सुटला की पेशी गोळा होऊन गाठ बांधत नाहीत. एकेकट्या, रांगेने, अस्तराखालून, स्नायूतून, चरबीतून सरकत जातात. दुर्बिणीत गाठ का दिसली नाही आणि हाताला भिंत का कडक लागली, ते आता समजलं.

आणखी एक काम बाकी होतं. पॅथॉलॉजिस्टबाईंनी स्वतःहून पहिल्या बायॉप्सीचा ब्लॉक कपाटातून काढला आणि त्यावर सायटोकेरॅटिन लावलं. ज्यांना आपण 'भरपूर प्लाझ्मा पेशी' म्हटलं होतं, त्यांतल्या निम्म्याअधिक तपकिरी रंगल्या. कर्करोग पहिल्याच दिवशी नमुन्यात होता. त्यांनी सुधारित रिपोर्ट लेखी दिला. तो न देताही भागलं असतं, कुणी विचारायला आलं नसतं.

हा कर्करोग मूत्राशयाचाच कशावरून?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हात सुटलेल्या पेशींचे कर्करोग आणखी दोन ठिकाणी नेहमी होतात : स्तनाचा लोब्युलर कर्करोग आणि जठराचा डिफ्यूज प्रकार. दोन्हींत ई-कॅडहेरिन बऱ्याचदा हरवलेलं असतं, दोन्ही मूत्राशयापर्यंत पसरू शकतात. शिवाय गाटा३, ज्यावर आपण मूत्राशयाचा शिक्का मारायला निघतो, तो स्तनाच्या कर्करोगातही पॉझिटिव्ह असतो. बाईंच्या बाबतीत हे गृहीत धरून चालणार नव्हतं.

मॅमोग्राफी आणि स्तनांचं एमआरआय स्वच्छ. स्तनाच्या कर्करोगात बऱ्याचदा सापडणारे ईआर आणि पीआर हे संप्रेरकांचे ग्राहक निगेटिव्ह. जठराची एंडोस्कोपी नॉर्मल. मूत्राशयाच्या अस्तराचं प्रथिन यूरोप्लाकिन २ पॉझिटिव्ह. सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र एका कोपऱ्यात होता : खोल नमुन्यातल्या एका तुकड्यावर मूत्राशयाच्या अस्तरातच 'कार्सिनोमा इन सिटू', म्हणजे अजून अस्तरापुरताच असलेला कर्करोग, दिसला. दुसरीकडून आलेला कर्करोग असा अस्तरात जन्म घेत नाही. उगम मूत्राशयातलाच.

किती पसरलाय?

सीटी स्कॅनचा रिपोर्ट पहिल्या वाचनात दिलासा देणारा होता. मूत्राशयाची भिंत जाड, उजवी मूत्रवाहिनी गुरफटलेली, लसिकाग्रंथी मोठ्या नाहीत, यकृत-फुप्फुसं स्वच्छ. शेवटच्या ओळीत : 'ओटीपोटात किंचित द्रव'. पेट स्कॅनमध्येही मूत्राशयाबाहेर काही उजळलं नाही.

माझं मन शस्त्रक्रियेकडे झुकलं होतं, हे कबूल करतो. सर्जनला गाठ काढण्यात उत्तर दिसतं.

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कर्करोगावर एकत्र निर्णय घेणाऱ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत रेडिओलॉजिस्टने अडवलं. या वयात, पाळी थांबलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात द्रव का असावा, हा त्यांचा प्रश्न. दुसरं, मलाशयाभोवतीची चरबी त्यांना धूसर वाटत होती. तिसरं, पेट स्कॅनवर विसंबायला ते तयार नव्हते. एक तर त्या स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशयाच्या आसपास सगळंच उजळतं. आणि हा कर्करोग कागदासारखा पातळ पसरतो, उजळायला पुरेशा पेशी एका जागी नसतातच.

साधा यूरोथेलियल कर्करोग बहुधा लसिकाग्रंथी, फुप्फुसं, यकृत, हाडं या वाटेने जातो. हा प्रकार पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे उदरावरणावर, पेरल्यासारखा पसरतो. मूत्रवाहिन्यांच्या कडेने वर चढतो, मलाशयाला वेढा घालतो. शस्त्रक्रिया करताना सर्व स्वच्छ वाटतं आणि कापलेल्या कडांवर पेशी निघतात. गाठी शोधायला बनवलेल्या स्कॅनने त्याचा माग काढणं म्हणूनच अवघड.

पर्याय

बैठकीत चार मार्ग मांडले गेले. थेट मूत्राशय काढणं, म्हणजे बायकांच्या बाबतीत बहुधा गर्भाशय, अंडाशय आणि योनिमार्गाची पुढची भिंतही. दुसरा मार्ग आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. स्नायूपर्यंत गेलेल्या साध्या यूरोथेलियल कर्करोगात सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमो आधी देणं हा रुळलेला मार्ग आहे. या प्रकारातही गाठ आक्रसते, पण नंतर उदरावरणात परत येण्याचं प्रमाण मोठं. तिसरा मार्ग रेडिओथेरपी, जो कुणालाच पटला नाही, कारण किरणांचं क्षेत्र आखायला आजाराची हद्द तरी माहीत हवी. चौथा : काहीही ठरवण्याआधी लॅपरोस्कोपीने पोटात पाहणं.

चौथ्याला माझा आक्षेप होता की त्यात आणखी एक भूल आणि आठवडा जाईल. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टने एवढंच विचारलं, "पोटात पसरलेला असेल तर तू मूत्राशय काढशील का?" नाही. "मग आधी बघ."

काय केलं

त्याआधी मूत्रपिंड मोकळं करणं भाग होतं. आतून स्टेंट घालायचा, की पाठीतून नेफ्रोस्टोमीची नळी? स्टेंट दिसत नाही, पिशवी सांभाळावी लागत नाही, म्हणून रुग्णाला तो बरा वाटतो. पण बाहेरून आवळलेल्या मूत्रवाहिनीत तो अनेकदा निकामी ठरतो. शिवाय तो रोगट तळातून न्यावा लागला असता. नेफ्रोस्टोमी केली. दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.२ वर आलं.

लॅपरोस्कोपीत आत कॅमेरा गेला आणि वाद संपला. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत आणि लहान आतड्याच्या पृष्ठभागावर खसखशीसारखे पांढुरके दाणे. सगळ्यांत मोठा तीन मिलिमीटरचा असेल. तीन ठिकाणचे नमुने घेतले, तिन्हींत तोच कर्करोग. चौथा टप्पा. मूत्राशय काढण्याचा विषय तिथेच थांबला.

त्यांना सांगायचं कसं, यावर घरात दोन मतं होती. मुलाचं म्हणणं, "आईला 'पसरलाय' हा शब्द सांगू नका." पण बाईंनीच मला एकटं गाठलं आणि विचारलं, "डॉक्टर, वहीत काय लिहू?" मी म्हटलं, "ताई, खरं तेच लिहा. मूत्राशयाचा कर्करोग, पोटाच्या अस्तरापर्यंत गेलेला. शस्त्रक्रियेने निघणारा नाही, औषधाने काही काळ आवरता येईल असा." त्यांनी तसंच लिहून घेतलं. "आणि पहिल्या वेळी?" या प्रश्नालाही उत्तर देणं भाग होतं. पहिल्या नमुन्यातच तो होता आणि मी खोल नमुना घ्यायला हवा होता, हे मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग पुढच्या तारखा विचारल्या.

औषधाची निवड मूत्रपिंडाने ठरवली. गाळणक्षमता पन्नाशीच्या आसपास, म्हणजे पूर्ण मात्रेतलं सिस्प्लॅटिन जोखमीचं. कार्बोप्लॅटिन-जेमसिटाबिन हा केमोचा जुना पर्याय होता. नवा पर्याय एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीचा. ईव्ही-३०२ या चाचणीत ८८६ रुग्ण होते. जोडी घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ३१.५ महिने, प्लॅटिनमवर आधारलेली केमो (सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन) घेतलेल्यांचा १६.१ महिने. हे आकडे कुटुंबाला सांगताना एक अट जोडावी लागली : ते सर्व यूरोथेलियल कर्करोगांचे एकत्रित आकडे आहेत, या दुर्मीळ प्रकाराचे नाहीत. एन्फोर्टुमॅब पेशीवरच्या नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटून विष आत सोडतं, आणि त्यांच्या गाठीत नेक्टिन-४ भरपूर होतं. जोडी सुरू केली.

पुढे काय झालं

तीन चक्रांनंतर पोटातला द्रव गेला. मूत्राशयाची क्षमता वाढली. वहीत रात्रीच्या फेऱ्या आठवरून तीनवर आल्या. अंगावर पुरळ आलं, ते मलमांनी आवरलं. सहाव्या चक्रानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, गुंडी लागेना, अक्षर बिघडलं. एन्फोर्टुमॅबची मात्रा कमी केली.

दहाव्या महिन्यात बद्धकोष्ठता सुरू झाली, शौच बारीक. सिग्मॉइडोस्कोपीत मलाशयाचं अस्तर गुळगुळीत, पण नळी अरुंद. अस्तराची बायॉप्सी नॉर्मल.

आम्ही सगळे जण त्या रिपोर्टकडे बघत बसलो. तोच प्रसंग, फक्त अवयव दुसरा. या वेळी 'नॉर्मल' मान्य केलं नाही. एमआरआयमध्ये मलाशयाभोवती कडं दिसलं. मलाशयातून अल्ट्रासाउंड घालून भिंतीच्या खोल थरातून सुईने नमुना घेतला, तो पॉझिटिव्ह आला. पूर्ण अडथळा येण्याआधीच कोलोस्टॉमी केली, म्हणजे शौचाची वाट पोटावर काढली, घाईगर्दीत मध्यरात्री नव्हे. मग कार्बोप्लॅटिन-जेमसिटाबिनची दोन चक्रं दिली, उपयोग झाला नाही. तिसरं चक्र त्यांनीच नाकारलं.

शेवटचे दोन महिने घरी, मॉर्फिनवर. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी, टीम सुरुवातीपासून सोबत असायला हवी होती. आम्ही तिला कोलोस्टॉमीच्या वेळी बोलावलं. निदानानंतर सतरा महिन्यांनी त्या गेल्या.

काय वेगळं करता आलं असतं

कल्चर निगेटिव्ह आणि लाल पेशी पुन्हा पुन्हा, एवढ्यावर दुसऱ्याच महिन्यात सिस्टोस्कोपी व्हायला हवी होती. पहिल्याच भूलीत खोल नमुना घ्यायला हवा होता. फॉर्मवर 'भिंत कडक' हे दोन शब्द असते तर पॅथॉलॉजिस्टबाईंनी सायटोकेरॅटिन तेव्हाच लावलं असतं. त्यांनी मला हे तोंडावर सांगितलं आणि ते बरोबर आहे.

यातून आयुष्य वाढलं असतं का? माझे सहा आठवडे आणि आधीचे चार महिने वेगवेगळे मोजावे लागतील. सहा आठवड्यांपूर्वी उदरावरण स्वच्छ असेल असं मला वाटत नाही. चार महिन्यांपूर्वीबद्दल मी असं ठामपणे म्हणू शकत नाही. मूत्रपिंडाला मात्र माझ्या सहा आठवड्यांचा फटका बसला, आणि औषधाची निवड त्यामुळे आकसली.

मुलीने नंतर येऊन विचारलं, हे आनुवंशिक आहे का. सीडीएच१ हे नाव तिने वाचलं होतं आणि जठराच्या कर्करोगाची आनुवंशिक घराणी याच जनुकाची असतात, हेही. मूत्राशयाच्या या प्रकारात बदल सहसा गाठीपुरता, आयुष्यात नंतर झालेला असतो. तरीही आईचं रक्त आधीच तपासून ठेवलं होतं. त्यात जन्मजात बदल नव्हता. तो कागद तिला दिला.

पहिल्या बायॉप्सीच्या दोन स्लाइड आता शिकवण्याच्या पेटीत आहेत. पॅथॉलॉजिस्टबाई नव्या विद्यार्थ्यांना पहिली स्लाइड विनाचिठ्ठी देतात. आतापर्यंत बहुतेकांनी 'जुनाट सिस्टायटिस' असंच लिहिलंय. मग त्या फॉर्म दाखवतात, माझ्या अक्षरातला, आणि विचारतात, यात काय लिहायचं राहिलंय.